एक रिकामी जागा

2006 च्या सुमारास मी एका पतसंस्थेचे राउटर सांभाळायचो. पुण्याचं मुख्य कार्यालय आणि महाडची शाखा यांच्यात 64 केबीपीएसची लीज लाइन. दोन्हीकडे सिस्कोचे राउटर, आपल्या घरच्या एचडीएलसीत निवांत बोलत होते. मलाच सुधारणेची खाज. म्हटलं, पीपीपी लावू, वर चॅपही.

चॅप म्हणजे पुणेरी दार. पॅप बिचारं भोळं, पासवर्ड उघड सांगून मोकळं होतं. चॅपमध्ये आतून एक आकडा फेकतात. तो गुप्त शब्दाबरोबर घुसळून उत्तर द्यायचं, शब्द मात्र तोंडातून काढायचा नाही. (या चॅपच्या आरएफसीचा क्रमांक 1994 आणि ती निघाली 1996 साली. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.)

आधी लांबचं टोक बदलायचं, मग जवळचं, हा नियम मी पाळला. नोटपॅडात कॉन्फिगरेशन लिहिलं, महाडच्या राउटरच्या स्टार्टअपमध्ये चढवलं, रीलोड दिला. मग पुण्याचा बदलला. पडद्यावर उमटलं: सिरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन.

शाखेत फोन लावला. शिपाईमामा म्हणाले, "हिरवा दिवा लागलाय की साहेब."

"तार ठीक आहे मामा, बोलणं होत नाहीये."

"म्हणजे रुसवा."

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. मामांनी बटण बंद-चालू केलं. नुसतं टाइप केलेलं असतं तर त्यानं पुसलं गेलं असतं, पण मी पडलो शिस्तीचा. सगळं पक्कं जतन!

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून पहाटेची एसटी. वरंधा घाटात पोट ढवळलं. शाखेत पोचून निळी कन्सोल केबल लावली, 9600 चा वेग ठेवला, ओळ न् ओळ ताडली. पासवर्ड अक्षरशः तोच. मग सहज त्या ओळीवरून माउस ओढला, तर निळा पट्टा शेवटच्या अक्षराच्या एक घर पुढे गेला. नोटपॅडातून आलेली स्पेस! राउटरच्या लेखी तेही अक्षरच. पुण्यात बसून मीही एक स्पेस दाबली असती, तर काम झालं असतं.

स्पेस काढली. लाइन प्रोटोकॉल अप.

मामा चहा घेऊन आले. "काय बिघडलं होतं?"

"एक जागा रिकामी होती."

"कॅशियरची ना? दोन वर्षं झाली, आम्ही कळवतोय!"