आंबा कुठल्या कळीवर?

एप्रिल-मेमध्ये दापोलीत ज्याची बाग आहे, त्याचा निम्मा दिवस पेट्या भरण्यात जातो आणि उरलेला निरोपांना उत्तरं देण्यात. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं 'पाच डझनी पेटी आहे का?' असं विचारतात आणि पुढे आंब्याचं चित्र टाकतात. फोनवर ते लगेच सापडतं. मी संगणकावर बसतो, कारण पत्ते, याद्या, हिशेब सगळं तिथेच आहे. आणि तिथे आंबा सापडत नाही.

इमोजीची खिडकी आहे, हे खरं. चार चौकोनांची कळ धरून पूर्णविराम दाबायचा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. पण हे माझ्या कळफलकावर कुठे छापलेलं नाही आणि टायपिंगच्या क्लासात मला कुणी शिकवलं नाही. रुपयाचं चिन्ह 2010 साली ठरलं आणि पुढे 4 च्या कळीवर छापलं जाऊ लागलं. तशीच एक खूण इमोजीसाठी छापायला काय हरकत आहे?

दुसरी वाट अपूर्णविरामाची. व्हॉट्सॲप वेबवर तो देऊन इंग्रजीत 'मँगो' लिहिलं की आंबा पुढे येतो. पण मी इन्स्क्रिप्टवर मराठी लिहितो, आणि तिथे त्या कळीवर शिफ्ट धरली की 'छ' उमटतो. शिफ्ट धरून डॅश दाबला तर येतो विसर्ग. दिसायला अगदी तसाच, पण त्याने काहीही होत नाही. म्हणजे आल्ट-शिफ्ट दाबून इंग्रजीत जा, दोन टिंबं द्या, स्पेलिंग लिहा, एंटर मारा, पुन्हा मराठीत या. ट्रकवाला दारात उभा असताना हे सगळं एका आंब्यासाठी!

संताप येतो तो हे टाळता येण्यासारखं आहे म्हणून. युनिकोडने आंब्याला 2018 साली जागा दिली. त्याच वर्षी कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळवणाऱ्यांत आमच्या दापोलीचं कृषी विद्यापीठही आहे. युनिकोडच्याच सीएलडीआर या भांडारात इमोजींची मराठी नावं तयार आहेत. तरीही माझ्या संगणकावर शोधाच्या चौकटीत 'आंबा' लिहिलं की काही येत नाही. ती नावं तिथे जोडणं एवढंच काम आहे, आणि ते व्हायलाच हवं.

फणसाचं आणि कोकमाचं तर चित्रच नाही. नव्या इमोजीचा प्रस्ताव युनिकोडकडे कुणालाही पाठवता येतो. फणसाचा प्रस्ताव आमच्या विद्यापीठाने पाठवावा, असं मला मनापासून वाटतं.