उशिराचा भाव

हप्ता चुकला की वसुलीवाल्यांचा फोन येतो. तो सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर येऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची ताकीद आहे. वसुलीवाल्यांचं घड्याळ मात्र कुठल्या देशात लावलेलं असतं कोण जाणे. मग एखादा चिवट कर्जदार ग्राहक आयोगात जातो. (5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणणाऱ्यांना कुणीतरी कळवा.)

खरी गंमत कर्ज फिटल्यावर. घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून हा नियम आहे. आमच्या शेजारच्या काकांची फाईल शाखेत कुठेतरी दडली आहे. एकतिसाव्या दिवसापासून काकू कॅलेंडरवर फुल्या मारताहेत. आठ फुल्या, 40,000! वीस वर्षं व्याज बँकेने मोजलं, आता काकू मोजताहेत.

परवा शाखेतून फोन आला, "काका, शोधतोय हं."

काका मायेने म्हणाले, "सावकाश शोधा हो. घाई कसली?"