सरफोजी महाराजांस कारणे दाखवा नोटीस

1799 च्या तहाने तंजावरचं राज्य कंपनी सरकारच्या घशात गेलं. सरफोजी राजे (दुसरे) यांच्याकडे उरला तो किल्ला, तनखा आणि ग्रंथांचा नाद. 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून रामेश्वराच्या वाटेवरची आपली अन्नछत्रं वाचवायची खटपट केली. छत्रांत काय काय चालतं, ते त्या पत्रात सविस्तर आहे. आपल्याकडच्या फायलींची चाल पाहता त्याचं उत्तर आता निघालं तरी वेळेत निघालं म्हणायचं. मसुदा तयार आहे.

संदर्भ : आपले सन 1801 चे पत्र.

महोदय, उपरोक्त पत्राचे अवलोकन केले असता असे निदर्शनास येते की, आपल्या छत्रांत ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा कोणत्याही वाटसरूस जेवू घातले जाते. ज्यास शिजवलेला भात नको त्यास कोरडा शिधा मिळतो. (शिधा वेगळा कोणाला लागे, हे वाचकांना सांगायला नको. सोवळं त्या काळीही छत्रापर्यंत चालत आलं होतंच.) लाभार्थ्यांचे रेशनकार्ड, रहिवासी दाखला वा उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीही घेतल्याचे दिसत नाही. परमुलखातील यात्रेकरूस कोणत्या लेखाशीर्षाखाली जेवण दिले, याचा खुलासा व्हावा.

वाटेत आजारी पडलेल्या यात्रेकरूस औषध, पथ्याचे अन्न देऊन बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाते. कोणता आजार, पॅकेज कोणते, पूर्वमंजुरी कोणाची? विषारी दंशावर उतारा जाणणारे वैद्यही छत्रातच नेमलेले आहेत. दंश झालेला इसम तालुक्याला, तेथून जिल्ह्याला रेफर करण्याची प्रचलित पद्धत असताना जागच्या जागी उपचार करून आपण वरिष्ठ रुग्णालयांचा अधिक्षेप केला आहे.

सर्वांत गंभीर बाब बाळंतिणींची. छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीचा खर्च छत्राने सोसायचा आणि तिला तीन महिने तेथेच राहू द्यायचे, असे आपण नमूद करता. खेप पहिली की दुसरी, हे विचारलेले नाही. वास्तविक मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेस 5000 रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, आणि दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच लाभ, अशी सुटसुटीत तरतूद आहे. परक्यांच्या तान्ह्या मुलांना दूध देण्याबाबत तर मागणीपत्रच नाही.

आपल्या नेत्रचिकित्सेचे कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यात रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आढळतात. सहीची संमतीपत्रे सादर करावीत.

‘2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय 1978 मध्ये अल्मा-आटा येथे जगाने जाहीर केले. ती मुदत टळली. आता सर्वांपर्यंत आरोग्यसेवा नेण्यासाठी 2030 साल धरले आहे. आंतरराष्ट्रीय सहमतीपूर्वी पावणेदोनशे वर्षे, तेही राज्य हातात नसताना, आपण हे काम परस्पर चालवले. एवढ्या घाईचे कारण समजत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 नुसार सरकारचा आरोग्यावरील खर्च 2025 पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हायचा होता. तोही आम्ही घाईने केला नाही.

शेवटी घंटा. मध्यरात्री घंटा वाजवून, ज्यांना अद्याप जेवण मिळाले नाही त्यांनी यावे, अशी दवंडी आपण पिटवता. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ आहे. शिवाय यामुळे वगळलेला माणूस शोधण्याची जबाबदारी कार्यालयावर येते. लाभार्थ्याने कार्यालय शोधावे, हा सर्वमान्य संकेत आहे. सबब सदर घंटा तात्काळ उतरवून भांडारात जमा करावी व जमा केल्याची पावती तीन प्रतींत इकडे पाठवावी.