एकोणिसावं पर्व

महाभारताची पर्वं अठरा. भिलाईत लोककलेची संध्याकाळ ठरली की आयोजक एकोणिसावं जोडतात: सत्कारपर्व. समई पेटवायला काडेपेटी सापडत नाही, श्रीफळं मात्र मोजून तयार असतात. मग ‘लोककला मरत चालली आहे’ यावर अध्यक्षांचं लांबलचक भाषण. लोककला तेव्हा विंगेत तंबुरा घेऊन ताटकळत उभी असते.

याच परिसरातल्या गनियारीच्या तीजनबाईंनी, बायकांनी बसूनच गावं हा रिवाज मोडून, उभ्यानं कापालिक शैलीतली पंडवानी, म्हणजे महाभारताचं कथागायन, गाजवली. पोलाद कारखान्यात नोकरीही केली. त्यांच्या हातातल्या तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा व्हायची. २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. आता प्रत्येक भाषणात त्यांचं नाव येतं आणि पुढच्या गायिकेच्या कानात निवेदक पुटपुटतो, “ताई, दहा मिनिटांत आटपा. दुःशासनवध तेवढा घ्या, पाहुण्यांना निघायचंय.”

पंडवानीत वाक्यागणिक हुंकार देणाऱ्या साथीदाराला रागी म्हणतात. अध्यक्षांना असे रागी पहिल्या रांगेत फुकट मिळतात. गायिकेच्या रागीचं मानधन मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’.