किती वेळा मागं पाह्यलं?

'तुंबाड'ला सात. 'मुंज्या'ला एक. 'स्त्री २'ला भोपळा.

हे गुण आमच्या आहटभाऊंच्या उधारीच्या वहीत आहेत. वही पुढून उघडली की कोणाकडे रिचार्जचे किती राहिले ते दिसतं, आणि उलटी धरून मागून उघडली की कोणत्या सिनेमात किती भेव आहे ते. दोन्ही हिशेब एकमेकांकडे सरकत सरकत आता मधल्या पिनांपाशी येऊन ठेपले आहेत.

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की पातूरचा घाट चढून आल्यावर मेडशी लागतं. स्टँडजवळ काच, कव्हर, चार्जर, रिचार्ज असं सगळं मिळणारी जी टपरी आहे, ती भाऊंची. १९९५ साली टीव्हीवर 'आहट' सुरू झाली तेव्हा हा पोरगा दुसऱ्याच्या घराच्या खिडकीला लटकून ती बघायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या आवाजांसकट सांगायचा. दाराची करकर तर अशी काढायचा की मास्तर मागं वळून बघत. तेव्हा नाव पडलं ते पडलंच. खरं नाव सातबाऱ्यावर सुखरूप आहे. त्याच्याही आधी गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, चौकात पोत्यावर बसून, रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' पाहून झाला होता. त्या रात्री घरी कसं गेलो हे भाऊ अजून सांगत नाहीत. कोणाच्या तरी खांद्यावर गेले असावेत.

आता गुणांची पद्धत सांगतो, कारण तिच्यात सगळा माणूस आला. भाऊंचं तीन एकर वावर गावापासून दीडेक किलोमीटरवर आहे, पांदणीनं जावं लागतं. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. खरिपात रात्री जागलीला जायचं, कारण डुकरं. रब्बीत रात्री ओलिताला जायचं, कारण शेतीची लाईन येते तीच रात्री. तर सिनेमा पाहायचा, त्याच रात्री बॅटरी घेऊन पांदणीनं एकट्यानं निघायचं, आणि विहिरीपर्यंत किती वेळा मागं वळून पाहिलं ते मोजायचं. तेवढे गुण. अभिनय, संगीत, छायाचित्रण, सगळं त्यातच धरलेलं.

"सिनेमात लाईन जाते अन् भूत येते," भाऊ म्हणतात. "आपल्या इथं लाईन येते म्हनून आपल्यालेच जा लागते. भुताची काही गरज नाही, सर."

मी इथं मास्तर आहे, म्हणून मला सर. मला भुतांचा शौक नाही, पण शाळा सुटल्यावर भाऊंच्या टपरीवर बसायचा आहे, त्यामुळे परीक्षणं आपोआप ऐकायला मिळतात.

विलायती भुतांविषयी भाऊंचं मत पहिल्यापासून वाईट. 'कॉन्ज्युरिंग'चा पहिला भाग २०१३चा. तो त्यांनी कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर पाहिला. "एवढं मोठ्ठं घर! खाली तळघर, वर माळा, मधात खोल्याच खोल्या. भुताची सोय हाय तथी. आमच्या घरी दोन खोल्या अन् सहा मानसं. भुतानं बसाव कुठी? बसलंच त बायको म्हनन, सरक थोडं, पोळ्या लाटाच्या हायेत." दोन गुण.

'स्त्री २' २०२४च्या पंधरा ऑगस्टला आला, गर्दी उसळली, सगळ्या देशात त्याचा गाजावाजा झाला. भाऊ थंड. हसवत हसवत घाबरवणं म्हणजे त्यांच्या मते ठेच्यात गूळ घालणं. पण २०१८चा पहिला 'स्त्री' त्यांनी फार बारकाईनं पाहिला होता, कारण त्यात धंद्याची गोष्ट होती. चंदेरी गावातले लोक भिंतीवर 'उद्या ये' असं लिहून ठेवतात, ती बाई ते वाचते आणि मुकाट परत जाते, रोज. भाऊंच्या टपरीत पंधरा वर्षांपासून 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी आहे. "थे चुडेल असून वाचते अन् वापस जाते. मेडशीचं गिऱ्हाईक वाचते, हासते, अन् उधार घेऊनच जाते. मंग सांगा सर, भेव कोनाचं धराव?"

'शैतान'मध्ये फोन चार्जिंगला लावू द्या म्हणून एक परका माणूस घरात शिरतो आणि मग उठतच नाही. माधवननं काम झकास केलंय, हे भाऊंना मान्य आहे. पाच गुण. पण खरा परिणाम पांदणीवर नाही, टपरीवर झाला. दुसऱ्या दिवशी एक पाहुणा म्हणाला, "दहा मिनिटं चार्जिंगले लावतो, भाऊ," तर भाऊंनी फोन त्याच्या हातातून दुकानाबाहेरच घेतला आणि दहा मिनिटांनी बाहेरच परत दिला. मामुट्टीचा 'भ्रमयुगम' मल्याळममधला, काळापांढरा. भाऊंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि म्हणूनच सहा गुण मिळाले. नंतर हिंदीत पाहिला, तर चार झाले.

'मुंज्या'वर मात्र ते तासभर बोलू शकतात. आदित्य सरपोतदारचा हा सिनेमा, जून २०२४. मुंज झाली, लग्न झालं नाही, पोरगा मेला, आणि आता पिंपळावरून उतरून लगीन लगीन करत फिरतोय. कॉम्प्युटरवर काढलेलं ते पोरगं भाऊंना भूत वाटतच नाही, ओला उंदीर वाटतो. पण मुद्दा तो नाही.

"आपल्या पारावर संध्याकाळी पाहा, सर. तीस-पस्तीसचे सात-आठ पोट्टे बसून हायेत. वावर हाय, इहीर हाय, एकाजवळ त ट्रॅक्टर हाय. पोरगी भेटत नाही. पोरीचा बाप म्हनते, नोकरीवाला पायजे. आता सांगा, ह्या गावात मुंज्याले भेईन कोन? उलट जवळ बसवतीन अन् इचारतीन, बावा, तुही काही सोय लागली काय?"

मी हसलो. पारावरच्यांपैकी दोघे माझेच विद्यार्थी आहेत, हे नंतर आठवलं. 'मुंज्या'ला मिळालेला तो एक गुणही रोह्याचा होता, असं वहीत कंसात लिहिलेलं आहे. रोही म्हणजे नीलगाय, आणि ती अंधारात उभी असली की कुठल्याही सिनेमाला एक गुण देऊन जाते.

एका सिनेमासमोर आकडाच नाही. २०१७चा मराठी 'लपाछपी', विशाल फुरियाचा. उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई, आणि गर्भातच मारलेल्या पोरी. पुढं याचाच हिंदीत 'छोरी' झाला. भाऊंना दोन मुली. त्या रात्री ते पांदणीनं गेले, आले, आणि वहीत आकड्याच्या जागी फक्त 'खरं' एवढंच लिहिलं. त्यावर मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

'तुंबाड'च्या सातांचा साक्षीदार मी स्वतः आहे. २०१८ला पहिल्यांदा आला तेव्हा थोड्याच लोकांनी पाहिला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. भाऊंनी तो फोनवर तीनदा पाहिला होता, पण "पाऊस फोनमधी मावत नाही, सर," असं म्हणून मला गाडीवर मागं बसवून अकोल्याला नेलं. पन्नासेक किलोमीटर जाणं, पन्नासेक येणं. सिनेमात पाऊस थांबत नाही. तो चित्रित करायला चार पावसाळे लागले होते. थेटरात माझ्या शेजारी भाऊ पुटपुटत होते, "एवढा पाऊस एक साल मेडशीत पाडा न बाप्पा."

परत येताना घाटात काहीच झालं नाही. एकही पांढरी साडी नाही. रात्री साडेबाराला गावात पोचलो आणि भाऊ म्हणाले, चला, जागलीले जाऊ, मोजनी करू. मी मागं आणि ते पुढं. सप्टेंबरची पांदण म्हणजे गुडघ्याएवढा चिखल आणि दोन्ही बाजूंनी तूर. पहिल्यांदा ते वळले ते बेडकाला. दुसऱ्यांदा स्वतःच्याच गमबुटाच्या फचक आवाजाला. नंतरच्या पाचही वेळा ते माझ्याकडे पाहून दचकले. विहिरीवर बसून आम्ही वाद घातला. माझं म्हणणं, मी भूत नाही, हे पाच धरता येणार नाहीत. भाऊंचं म्हणणं, "उजेडात तुमी सर दिसता. अंधारात काय दिसता थे तुमाले माहीत नाही." सात कायम झाले. मी किती वेळा मागं पाहिलं, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

त्याच रात्री मी एक चूक केली. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला 'तुंबाड'चं बीज कुठं मिळालं ते सांगितलं. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्रानं त्याला नारायण धारपांची एक कथा ऐकवली आणि तो जाम घाबरला, असं त्यानं सांगितलेलं आहे. भाऊ उठून उभे राहिले.

"नागझिरा? भंडारा-गोंदियाचा? म्हंजे भेव लागलं विदर्भात, अन् सिनेमा काढला कोकनातल्या तुंबाडचा?"

झालं. त्या दिवसापासून भाऊंच्या बोलण्यात अनुशेष आला. सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ साली मोजून दिला, पण भुतांचा कोणी मोजला? 'रात्रीस खेळ चाले' कोकणात. मुंज्या कोकणात. तीन दिवस गाव ओस टाकून जायची गावपळण, तीही कोकणातली, आणि तिच्यावरही २०२४मध्ये 'अल्याड पल्याड' निघाला. "त्याईचं गाव तीन दिवस खाली होते त सिनेमा निंगते. आपलं अर्धं गाव पुन्याले कामाले जाऊन बारा महिने खाली हाय, त्याच्यावर कोन काढन?" यावर उपाय म्हणून भाऊंनी स्वतःचा सिनेमा रचून ठेवला आहे. नाव 'चकवा'. माणूस रात्री वावरात जातो, त्याला चकवा लागतो, आणि पहाटेपर्यंत तो आपल्याच धुऱ्यावरून गोल गोल फिरत राहतो. "खर्च काही नाही. एक मानूस, एक वावर, एक बॅटरी. शेवटी उजाडते अन् त्याले समजते का थो घरापासून पन्नास पावलावर होता." कथा वाईट नाही. निर्माता मिळत नाही, कारण निर्माते मेडशीत उतरत नाहीत, गाड्या सरळ वाशिमला जातात.

मग २०२५मध्ये 'जारण' आला. ऋषिकेश गुप्ते, स्वतः भयकथा लिहिणारा माणूस. अमृता सुभाष, अनिता दाते. करणीची गोष्ट, पण करणी खरी की त्या बाईच्या मनातली, हे सिनेमा शेवटपर्यंत हातात देत नाही. भाऊंनी तो ऑगस्टमध्ये फोनवर पाहिला, टपरी बंद करून, कानात बोंड्या घालून. बाहेर आले, बॅटरी घेतली, चप्पल घातली, पांदणीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले.

"भूत हाय म्हनलं त मानूस तयारीनं जाते, सर. नाही म्हनलं त निवांत जाते. पन हाय का नाही हेच समजलं नाही त पाय कसा टाकाव?"

त्या रात्री जागलीला कोणी नव्हतं. सकाळी पाहिलं, तर डुकरांनी सोयाबीनची सगळी खालची बाजू लोळवून टाकली होती. वहीत 'जारण'पुढं भाऊंनी गुण लिहिले नाहीत, 'अर्धा एकर' लिहिलं. माझ्या माहितीत मराठी सिनेमाला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती.

पण वहिनींनी ती तशी घेतली नाही. त्या रिकाम्या जागेत उभ्या राहून त्या जे बोलल्या, ते एका रामसेंच्या सिनेमात मावलं नसतं. पोळ्याच्या आत वावराला झटका मशीन लागली. डुक्कर तारेला शिवलं की झटका खातं आणि पळतं, जागलीला माणूस लागत नाही. त्यापाठोपाठ सौरपंपाचा नंबरही लागला, अर्ज वहिनींनीच मुलीकडून भरून घेतला होता. आता हरभऱ्याला पाणी दिवसा, ऊन असेल तोवर. रात्री भाऊ घरी झोपतात आणि घोरतात, असं मुली सांगतात.

नवे सिनेमे भाऊ पाहतातच. सप्टेंबरात 'कॉन्ज्युरिंग'चा चौथा भाग पाहिला, दिवाळीत 'थामा' पाहिला. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी नेहमीप्रमाणं विचारलं, किती? भाऊ बराच वेळ एका फोनची काच पुसत राहिले.

"काय सांगाव, सर. काल पंपावर गेलतो, दुपारी दोन वाजता. मांगं पाह्यलं त बायको डबा घेऊन येत होती."

वहीत दोन्ही नावं लिहिलेली आहेत. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.