मुक्काम पोस्ट लहान आतडे

श्री. (की सौ.?) टीनिया सोलियम ऊर्फ डुकरातला पट्टकृमी यांस,

सा. न. वि. वि.

मायन्यातच अडलो. आपल्या अंगाचे हजारभर खंड, आणि वयात आलेल्या प्रत्येक खंडात वृषणेही आहेत, अंडाशयही आहे! आधी नर म्हणून पिकायचे, मग मादी म्हणून. जोडीदार मिळाला नाही तर आपलाच एक खंड दुसऱ्याशी संसार थाटतो. ना पत्रिका, ना मानपान, ना रुसलेली वरमाय.

राहणी तर काय वर्णावी! तोंड नाही, आतडे नाही. चावायचे आम्ही, पचवायचे आम्ही, आपण नुसते कातडीतून शोषायचे. डोके टाचणीच्या माथ्याएवढे, पण त्यावर चार चूषक आणि आकड्यांची दुहेरी रांग. घर सोडणार नाही हे पागडीवाल्या भाडेकरूनेही इतके स्पष्ट कधी सांगितले नसेल. मानेपाशी नवे खंड फुटतात, जुने मागे सरकतात. शेवटच्या खंडांत गर्भाशय आणि अंडी एवढाच ऐवज उरतो. एकेका खंडात पन्नास हजारांपर्यंत. ते तुटून शौचावाटे बाहेर पडतात. औषधाने सारा लवाजमा पडला, पण डोके आत राहिले, तर काही महिन्यांत स्वारी पुन्हा हजर.

1855 साली क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टराने मृत्युदंडाच्या कैद्याला डुकराच्या मांसातले आपल्या अळ्यांचे फोड खाऊ घातले आणि शिक्षेनंतर त्याच्या आतड्यात आपल्याला पकडले. (आपला गुन्हा शाबीत करायला दुसऱ्या गुन्हेगाराचे पोट लागले!) तेव्हापासून आम्ही निर्धास्त. मांस नीट शिजवा की झाले.

पण आपली अंडी मांसातून येतच नाहीत. ती येतात मैल्याच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीवरून, न धुतलेल्या हातांवरून. पोटात अंडे उकलते, सहा आकड्यांची अळी आतड्याची भिंत फोडून रक्तात शिरते, आणि मेंदूत फोड होऊन बसते. मग एके दिवशी फिट येते. घरचे डॉक्टरांना शपथेवर सांगतात, 'आमच्याकडे अंडेसुद्धा चालत नाही हो!' चालले की. हजारोंनी.

खटला भरला तर आपले वकील म्हणतील, आमच्या अशिलाला पाय नाहीत. त्याची अंडी त्या कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत नेली कोणी? तिथे आमची बाजू जरा लंगडी पडते.

कळावे. लोभ आहे त्याहून वाढू नये.

आपल्या अंड्यांचा एक संभाव्य यजमान