तिसरी घंटा होईपर्यंत

नाटकाचा प्रयोग दुपारी तीनचा, आणि आमची गाडी काचीगुड्याच्या फलाटाला लागली ती सकाळी साडेआठला. मधल्या साडेसहा तासांत नांदेडच्या आमच्या महाविद्यालयातील बावीस विद्यार्थ्यांना हैदराबादेत काय दाखवावे, हा प्रश्न एकट्या माझ्यावर सोपविला असता तर तो मी सालारजंग संग्रहालय आणि इराणी चहा यांच्या साहाय्याने सुखाने निकालात काढला असता. परंतु सहलीचा खजिना ज्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हवाली होता, त्याने गाडीतच वही उघडून, नाटकाची तिकिटे, बसभाडे आणि रात्रीचे जेवण वजा जाता शिल्लक शून्य असल्याचे जाहीर केले आणि त्या शून्याखाली माझी सही घेतली. सबब, जे पाहायचे ते फुकट पाहायचे, असा हुकूम सुटला.

फुकटाचा पहिला प्रयत्न बसमध्येच फसला. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेखाली स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे, ही खबर आमच्या मुलींनी आधीच काढून ठेवली होती, आणि खजिनदाराने चौदा तिकिटांची रक्कम जमेच्या बाजूस मांडलीही होती. कंडक्टरबाईंनी आधारकार्ड मागितले, नांदेडचा पत्ता वाचला, आणि ही सवलत तेलंगणाच्या रहिवाशांपुरती आहे असे मोठ्या मायेने सांगून चौदा तिकिटे फाडली. माझे आजोबा जमिनीच्या मुकदम्याच्या तारखांना याच शहरात येत, हाली सिक्क्याचे रुपये मोजीत, आणि हायकोर्टाच्या पायऱ्यांवर दशमी सोडून बसत. तेव्हा नांदेड हा निजामाच्या मुलखातला जिल्हा होता आणि हैदराबाद ही आमचीच राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, हा प्रसंग मी वर्गात प्रतिवर्षी उचंबळून शिकवितो. पण त्यापायी पुढे चौदा तिकिटांचा भुर्दंड बसेल, याची पूर्वसूचना फाजल अली आयोगाने कोठेही दिलेली नाही.

लकडी का पूल या थांब्यावर आम्ही उतरलो. पूल होता, लाकूड मात्र औषधालाही नव्हते. आमच्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीने एका वयोवृद्ध रिक्षावाल्यास त्याविषयी विचारणा केली. "था ना बेटा, परसों," तो म्हणाला, "अब नक्को ढूंडो." हैदराबादी माणसाचा परसों हा पंचांगातला दिवस नव्हे, परवापासून कुतुबशाहीपर्यंतचा समग्र भूतकाळ त्यात मावतो. त्याचा नक्को मात्र आपलाच नको आहे, मध्ये एक क जास्त खाऊन धष्टपुष्ट झालेला. आणि वाक्यावाक्याला तो जो च लावतो, तोही आपल्याच घरचा. एवढी भाषिक जहागीर या शहरात शाबूत असताना बसभाडे भरावे लागावे, याचे मला पुन्हा एकदा वाईट वाटले.

रवींद्र भारती हे नाट्यगृह तेथून हाकेच्या अंतरावर, आणि त्याच्या पाठीमागच्या बाजूस नौबत पहाड. त्यावर 1976 साली पुरे झालेले, राजस्थानच्या सुमारे दोन हजार टन पांढऱ्या संगमरवराचे बिर्ला मंदिर. प्रवेशास शुल्क नाही, हे कळताच खजिनदार सर्वांच्या पुढे चढू लागला. वर जोडे काढावे लागले, तेव्हा त्याच्या डाव्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा त्या शुभ्र पाषाणावर असा काही उठून दिसू लागला की सहलीच्या काटकसरीचा याहून सबळ पुरावा कोणत्याही हिशेबतपासनिसाला मागता आला नसता. मोबाइल आत नेण्यास मनाई. त्यामुळे आमची मुले देवासमोर प्रथमच, आपल्या हातांचे काय करावे हे न कळून, आपसूक हात जोडून उभी राहिली. त्यातल्या एकाने सवयीने घंटेसाठी हात वर केला आणि तो तसाच अधांतरी राहिला, कारण या मंदिरात घंटाच नाहीत. ध्यानात व्यत्यय येऊ नये म्हणून त्या मुळातच टाळल्या आहेत. पूर्वी नौबत झडवून जेथून शाही फर्माने ऐकविली जात, त्याच टेकडीवर हे मौनव्रत चालावे, ही गोष्ट मी तपशिलाने समजावून सांगितली. तीही शांततेतच ऐकली गेली, म्हणजे कोणी ऐकली नाही.

वरून हुसेनसागर दिसतो. इब्राहीम कुतुबशहाने सोळाव्या शतकात हा तलाव बांधविला, परंतु लोकांनी त्यास काम पाहणाऱ्या हुसेनशाह वलींचे नाव देऊन टाकले, अशी आख्यायिका आहे. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे ऐकून खजिनदार प्रथमच अंतर्मुख झाला. पाण्याच्या मध्यभागी, 1992 साली उभा केलेला अखंड शिळेचा बुद्ध. तेथवर नावेने जाता येते, पण नावेला भाडे पडते. आम्ही त्याला दुरूनच वंदन केले.

मग बाग-ए-आम, अर्थात पब्लिक गार्डन. तेथील राज्य संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे, आणि ती पाहण्याचा ठराव मुलींनी एकमताने मांडला. पण संग्रहालयास तिकीट असल्याचे कळताच खजिनदाराने वही छातीशी धरून निवाडा दिला की ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ थांबलेलीच आहे, पुढच्या सहलीपर्यंत सहज थांबेल. झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. समोर विधानसभेचे, पूर्वीच्या टाउन हॉलचे, 1913 सालचे पांढरे घुमट. ते मात्र कोणी कितीही वेळ पाहिले तरी फुकट होते. आम्ही ते, चटणी संपेपर्यंत, सव्वा तास पाहिले.

पावणेतीनला आम्ही आपापल्या खुर्च्यांत विसावलो. बाहेर रखरखीत ऊन, आत गारवा, अंधार, आणि दिवसभरात पैसे मोजून मिळविलेली पहिली मऊ जागा. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसरी मी ऐकली, एवढे प्रतिज्ञेवर सांगतो.

खांद्याला कोणीतरी हलविले. प्रेक्षागृहात दिवे लागलेले, पुढच्या रांगा मोकळ्या, आणि माझ्या दोन्ही बाजूंस बावीस माना बावीस दिशांना कललेल्या. खजिनदाराने तर झोपेतही वही मांडीखाली दाबून धरली होती. मी चष्मा सावरीत द्वारपालास विचारले, दुसरा अंक केव्हा सुरू होतो?

"नाटक?" तो अदबीने म्हणाला, "वो तो परसोंच खतम हो गया, साब."